पंख्यापाशी शुक्रवारचा चहा

काका हिंदुस्थान सोडून इस्राएलला आले तेव्हा ट्रंकेत काय काय होतं, हे मावशी अजून बोटांवर मोजून दाखवते. खोबऱ्याची विळी, दोन पितळी पातेली, मसाल्याचा डबा आणि दीड हात लांबीचा एक शिसवी दांडा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, दांड्याबद्दल मात्र तीन-तीनदा विचारलं. शेवटी काकांनी दांड्याचं एक टोक त्याच्या टेबलावरच्या पंख्याला टेकवलं, दुसरं त्याच्या कानामागे लावलं आणि त्याला ऐकायची खूण केली. तो ऐकत राहिला म्हणे. मावशी ही हकीकत सांगते तेव्हा मागे रांगेत शंभर माणसं खोळंबलेली असतात, काका सांगतात तेव्हा दहा-बारा.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मुंबईत कापडगिरणीत फिटर होते, इथे किर्यात मलाखी गावाच्या बाहेर सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यात फिटर झाले. आठ-दहा वर्षांनी आईवडिलांबरोबर मी आलो तेव्हा मला धड हिब्रू येत नव्हतं आणि अंगात मस्ती मात्र भरपूर होती. काकांनी मला कारखान्यात नेऊन साहेबापुढे उभं केलं आणि सांगितलं, "हा आमचा आहे. काम शिकेल. नाही शिकला तर मी बघून घेईन." ते बघून घेण्याच्या धाकाने मी खरोखरच काम शिकलो.

काकांचं काम म्हणजे फेरी. सकाळी सातला दांडा काखेत मारून ते निघत आणि एकेका पंपाच्या, पंख्याच्या, मोटारीच्या बेअरिंगवर दांडा टेकवून, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून ऐकत. बेअरिंग म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टची बैठक, आत पोलादाच्या गोळ्या. ती बिघडू लागली की आधी तिचा आवाज बदलतो, मग ती तापते आणि मग एखाद्या दिवशी सगळा कारखाना बसतो. काका आवाज बदलतानाच पकडत. डोळे उघडले की निकाल तीनच प्रकारचा असे. "चालेल", "आठवडाभर" किंवा "आजच खोल". मी त्यांच्यामागे वही घेऊन हिंडे आणि लिहून घेई.

शुक्रवारी बारा वाजता शब्बातसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्यासाठी, कारखाना बंद होई तो थेट आयतवारी पहाटे सुरू होई. भोंगा वाजला की आम्ही सगळे बसकडे धावत सुटत असू. काका तेवढे मागे राहत. सोयाबीनचा चोथा सुकवायचं एक मोठं ड्रायर होतं, त्यातली गरम हवा ओढणारा माणसाच्या उंचीचा पंखा होता. त्या पंख्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप घालून काका शेजारी स्टूल टाकत, थर्मास उघडत आणि तासभर चहा पीत बसत. त्याला सगळे 'काकांचा शुक्रवारचा चहा' म्हणत. थंडीत तिथे ऊब मिळते म्हणून बसतात, असं मी धरून चाललो होतो. उन्हाळ्यात, अंगाची काहिली होत असतानाही ते तिथेच बसत, पण त्याचं मला वीस-पंचवीस वर्षांत एकदाही नवल वाटलं नाही. दुसऱ्याची मशीन बारकाईने बघायची सवय लागलेल्या माणसाला घरचं माणूस दिसत नाही, त्यातला हा प्रकार.

दोन हजार साल उलटून गेल्यावर आमच्या साहेबांनी एका प्रदर्शनात बिनतारी सेन्सर पाहिले आणि ते भारावून परत आले. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, मशीनला चिकटवायची. ती मशीनची थरथर मोजते आणि तारेशिवाय ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवते. साहेबांनी मला बोलावून बेत सांगितला. तीन महिने अठरा सेन्सर लावून बघायचे. बरे चालले तर आणखी घ्यायचे, काकांची फेरी बंद करायची आणि पेन्शनपर्यंतची दोन वर्षं त्यांना स्टोअरच्या खिडकीत हातमोजे आणि नट-बोल्ट वाटायला बसवायचं. सेन्सर मी लावायचे आणि तीन महिन्यांनी अहवालही मीच लिहायचा.

ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं त्यांना खिडकीत बसवणारा कागद माझ्याच हातून जाणार होता. दुपारी जेवताना काकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे डब्यातला भात कालवला.

"लाव की," म्हणाले. "तुझी नोकरी आहे. फक्त माझ्या मशीनला भोक पाडू नकोस."

"भोक नाही पाडायचं. गोंदाने चिकटवायचे."

"गोंदाने." काकांनी एवढंच म्हटलं आणि पुढचा घास घेतला, पण तो शब्द त्यांनी असा उच्चारला की मलाच लाज वाटली.

सेन्सर बनवणाऱ्यांचं ऑफिस हैफात होतं. तिथे दोन दिवस शिकायला गेलो. शिकवणारी इंजिनीअर पंचविशीतली पोरगी, हैफातच जन्मलेली, पण आजी आपल्या कोकणातली. तिला मराठी सगळं समजे. मी मुद्दाम मराठीत विचारी, ती हिब्रूत उत्तर देई आणि आमचं उत्तम चाले. बोलायची वेळ आली तर तिला मराठीतले फक्त खायचे पदार्थ आणि शिव्या येत. आजीकडून दोन्ही भरपूर मिळालं होतं. तिने एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. मशीन बंद असलं की सेन्सर झोपतो, पण कुठून धक्का बसला तर क्षणभर जागा होऊन नोंद करतो. "नुसता हात आपटलात तरी लिहील," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

सुक्कोतचा सण उरकल्यावर मी कामाला लागलो. बेअरिंगच्या घराचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, स्पिरिटने पुसायचं, गोंद लावायचा आणि डबी अंगठ्याने पाच मिनिटं दाबून धरायची. काका पाठीशी उभे राहून बघत. "तीस वर्षं मी रंग लावला, तू एका दिवसात काढलास," असं पहिल्या पंपाला म्हणाले. तिसऱ्या मशीनवर मी घाईत डबी वरच्या झाकणाला चिकटवली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"तिथे पत्रा बोलेल, बेअरिंग नाही बोलायची," म्हणाले आणि दांड्याचं टोक खाली एका जागी टेकवलं. "इथे लाव."

मी तिथे लावली. नंतर मी न विचारताच प्रत्येक मशीनवर दांडा टेकवून ते जागा दाखवू लागले. आपली फेरी बंद करायला आलेल्या डब्या स्वतःच्या हाताने अचूक ठिकाणी बसवून देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला ते बरं वाटत होतं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं.

मग कोशेर बघणारे आले. खाण्याच्या तेलाचा कारखाना, तेव्हा काय कोशेर, म्हणजे धर्माप्रमाणे चालणारं, आणि काय नाही हे तपासणारे गृहस्थ रोज फेरी मारत. दाढी लांब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आधी गोंद कशाचा आहे ते विचारलं. हैफाहून कागद मागवून दिला, तेव्हा गोंद पास झाला. मग त्यांनी डबीकडे बोट दाखवलं.

"ही शब्बातला काय करते?"

"झोपलेली असते, पण 'मी आहे' एवढं दर दहा मिनिटांनी कॉम्प्युटरला कळवते," मी म्हणालो.

"आणि कॉम्प्युटर काय करतो?"

"लिहून ठेवतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मशीन बंद, माणसं घरी, आणि ह्या डब्या आपसात बोलणार आणि लिहीत बसणार?"

दोन दिवस फोनाफोनी झाली. अखेर हैफाच्या पोरीने अशी सोय करून दिली की शुक्रवारी संध्याकाळी शब्बातच्या मेणबत्त्या लावायच्या तासभर आधी सगळ्या डब्या गप्प होतील आणि शब्बात संपल्यावर जाग्या होतील. हे ऐकून काका जे हसले ते बराच वेळ हसत राहिले. कोकणात आमच्या यहुदी लोकांचे तेलाचे घाणे असत, शनिवारी ते बंद असत, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. काकांच्या आजोबांचा घाणा रेवदंड्याजवळ होता. "म्हणजे तुझ्या डब्या पण शनवार तेली झाल्या," काका म्हणाले. "आता त्यांना नवसाचा पोहे-नारळाचा मलिदा कधी खायला घालतोस ते सांग."

खानुका जवळ आला तसा एक दिवस ड्रायरकडच्या सहाही सेन्सरांचा आवाज बंद झाला. मी बॅटऱ्या तपासल्या, गोंद तपासला, अँटेना फिरवून पाहिली. हैफाला फोन केला तर पोरीने विचारलं, "आवारात काही बदललं का?" मी म्हटलं, काही नाही. फोन ठेवून वळलो तर समोर छपरापर्यंत तेलाचे पत्र्याचे डबे रचलेले. खानुका म्हणजे तळणीचा सण, अख्खा देश सुफगानियोत नावाचे गोड वडे तळतो, आणि ते सगळं तेल माझ्या सेन्सरांच्या आणि कॉम्प्युटरच्या मधोमध भिंत होऊन उभं होतं. सेन्सरांचे निरोप झेलणारा रिसीव्हर उचलून वरच्या गॅलरीत नेऊन बसवला तेव्हा सगळे पुन्हा बोलू लागले.

खानुका संपला त्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. तीन नंबरच्या पंपाचा सेन्सर सकाळपासून इशारा देत होता. काकांनी दांडा लावला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं आणि म्हणाले, "चालेल." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंप खोलायला सांगितला. बेअरिंगच्या आतल्या कड्याला नखाएवढा टवका उडाला होता. आठवडाभरात पंप गेला असता.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला अभिमान वाटला. मग काका दिसले. ते एका पालथ्या ड्रमवर बसून ते कडं हातात फिरवत होते.

"डावा कान गेलाय," ते मला म्हणाले. "वर्ष झालं. उजव्याने भागवतो, पण बारीक आवाज त्यालाही लागत नाही आता."

"मला सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं असतं तर तुलाच लपवावं लागलं असतं." मग त्यांनी विचारलं, "अहवालात येणार हे?"

"काय झालं ते लिहावं लागेल, काका."

"लिही. खोटं लिहिलंस तर मावशीला सांगेन."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी फेरी आपण होऊन थांबवली. दांडा लॉकरमध्ये ठेवला. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेपोटी मी एक भलेपणा केला. म्हणालो, "काका, शुक्रवारी आता मागे राहत जाऊ नका. बाराच्या बसने आमच्याबरोबर घरी चला. सेन्सर बघतील."

"सेन्सर बघतील?"

"हो."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग "बेसेदेर," एवढंच म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि त्या शुक्रवारी थर्मास काखेत घेऊन सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढले.

पुढच्या आयतवारी सकाळी मी आलो तर ड्रायरच्या पंख्याचा सेन्सर बोंबलत होता. थरथर दुप्पट. पंखा थांबवावा की काय अशा विचारात होतो, तेवढ्यात ती आपोआप उतरायला लागली आणि अर्ध्या तासात पंखा पहिल्यासारखा शांत. सोमवार ते शुक्रवार काही नाही. पुढच्या आयतवारी पुन्हा तेच. तिसऱ्या आयतवारी साहेबांनी घाबरून पंखा तासभर बंद ठेवला आणि सगळा चोथा ओला राहिला. पोरगी हैफाहून धावत आली, तिने मोजमाप केलं आणि म्हणाली, सेन्सर बरोबर आहे, पण थंड मशीनवर काहीतरी चुकीचं दिसत असेल, आपण इशाऱ्याची मर्यादा वाढवू. साहेब म्हणाले, मर्यादा वाढवायची तर डब्या कशाला लावल्या, काढून टाका.

अहवालाला दोन आठवडे उरले होते. सेन्सर खोटे ठरले तर काकांची फेरी वाचणार होती, आणि हा विचार मला दिवसातून चारदा येऊन जाई. पण काकांचा कान गेला होता हेही मला माहीत होतं. सेन्सर काढले आणि पुढचा टवका कोणीच पकडला नाही तर? काय लिहावं ते कळेना. मी पुरते हात टेकले.

त्या शब्बातला दुपारी मावशीकडे जेवायला गेलो. नारळाच्या रसातली मासळी, भात, आणि वर माझं रडगाणं. काका डावा कान भिंतीकडे आणि उजवा माझ्याकडे करून जेवत होते. एकाएकी त्यांचा घास हातातच राहिला.

"आयतवारीच?"

"हो."

"आणि अर्ध्या तासाने आपणहून गप्प?"

"हो म्हणतोय ना. का?"

"कोणत्या आयतवारपासून?"

मी हिशेब करून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला हसू म्हणावं की काय, मला ठरवता येईना. डोळे मात्र पाणावले होते. मावशीला वाटलं मासळीचा काटा लागला, ती कोरडा भात वाढायला धावली.

"तुझी डबी हुशार आहे," काका म्हणाले. "तिला शुक्रवार विचार."

"शुक्रवारचं काय विचारू? बाराला सगळं बंद असतं."

"विचार तर खरं." मावशीने दटावलं, "सांगून टाका ना पोराला." पंचेचाळिशी उलटलेल्या मला मावशी पोरच म्हणते. काकांनी नाही म्हणून मान हलवली आणि दुसऱ्यांदा मासळी घेतली.

आयतवारी मी कॉम्प्युटरवर जुने शुक्रवार काढले. भोंग्यानंतर पंखा थांबतो, रेघ जमिनीला टेकते. आणि त्या सपाट रेघेवर सेन्सर लावल्यापासूनच्या प्रत्येक शुक्रवारी बारीक काड्या उमटलेल्या. सव्वाबाराला एक, साडेबाराला एक, पाऊणला एक, एकला एक. आणि एकच्या काडीनंतर लगेच तीन छोट्या, एकीला लागून एक. मी त्या आधीही पाहिल्या होत्या आणि झाडूवाल्याची बादली लागली असेल म्हणून सोडून दिल्या होत्या. झाडूवाला घड्याळ लावून पाव-पाव तासाने बादली आपटत नाही, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी काकांना बाराच्या बसमध्ये बसवल्यापासूनच्या शुक्रवारी मात्र रेघ कोरी होती.

त्या शुक्रवारी मी बस सोडली. काका थर्मास घेऊन आले. कोणी चुकून सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप घातलं, पंख्याच्या अंगाची लहान झडप उघडून मला आत बघायला लावलं. पात्यांवर सोयाबीनचा तेलकट भुसा होता, गरम असल्यामुळे मऊ, खरवसासारखा हलणारा. "पंखा असाच सोडला की हे सगळं ओघळून खालच्या पात्यांवर जमतं आणि तिथेच घट्ट होतं," काका म्हणाले. "मग आयतवारी एक बाजू जड. तापून सुटेपर्यंत थरथरणारच." त्यांनी चहा ओतला, मला दिला, सव्वाबारा झाले तसे उठून दोन्ही हातांनी पट्ट्याची चाकं ओढून पंखा अर्धा फेरा फिरवला आणि परत स्टुलावर बसले.

"कुठे शिकलात हे? मुंबईच्या गिरणीत?"

"गिरणीत कसलं. आजोबा करायचे. शुक्रवारी बैल सोडला की घाण्यातली पेंड काढायची, आणि लाट, म्हणजे घाण्यातला तो लाकडी ओंडका, हाताने फिरवत राहायची, घाणा निवेपर्यंत. सोडून दिली की उरलेली पेंड लाटेला धरते, आणि आयतवारी ते सगळं बैलाच्या मानेवर येतं." त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "इथे बैल नाही. पण मान कोणाची तरी असतेच ना. बेअरिंगची."

"मग मला सांगितलं का नाहीत? मी जा म्हटलं आणि तुम्ही गेलात?"

काकांनी घड्याळ पाहिलं. साडेबाराला उठले, अर्धा फेरा दिला, बसले.

"तीस वर्षं कोणी विचारलं नाही," म्हणाले. "सगळे म्हणायचे काका चहा पितो. पंपाचा टवका सापडला त्या दिवशी मला वाटलं, कानासारखं हेही आपलं उगीचच असेल. आजोबांची सवय म्हणून करत आलो, त्यात काही नसेलही. म्हटलं सोडून बघू. तू त्या दिवशी जेवताना सांगितलंस तेव्हा कळलं, की मी नुसता चहा पीत नव्हतो."

चहा फार गोड होता, तो पीत राहिलो. एक वाजता त्यांनी शेवटचा फेरा दिला, झडप लावली, कुलूप काढलं आणि पंख्याच्या अंगावर हाताने तीनदा थोपटलं. थप थप थप. बैलाला थोपटतात तसं.

आयतवारी सकाळी पंखा सुरू झाला आणि सेन्सरने चकार शब्द काढला नाही.

अहवाल मी दोन्ही बाजूंनी खरा लिहिला. पंपाचा टवका काकांच्या कानातून निसटला आणि सेन्सरने पकडला, हे लिहिलं. पंख्याचा बिघाड सेन्सरला दिसला पण कळला नाही आणि तो काकांच्या हाताने थांबला, हेही लिहिलं. सोबत दोन रेघा छापून जोडल्या, काड्यांची आणि बिनकाड्यांची. साहेबांनी आणखी सेन्सर घेतले. काकांची फेरी बंद झाली ती झालीच, आणि ते स्टोअरच्या खिडकीत गेले, जिथे महिनाभरात त्यांनी असा दरारा बसवला की जुना हातमोजा दाखवल्याशिवाय नवा कोणाला मिळेना. पण शुक्रवारचा तास त्यांच्याकडेच राहिला, आणि पंख्यापाशी पहिल्यांदाच त्याची लेखी सूचना लागली. पाव तास थांबणे, अर्धा फेरा, असं चार वेळा. सही करताना साहेबांनी विचारलं, "आणि ह्या पाव-पाव तासात माणसाने काय करायचं?" मी तिथे 'चहा' असं लिहिलं. त्यांनी सही केली. हैफाची पोरगी तो कागद बघायला आली, तिने काकांबरोबर स्टुलावर बसून चहा घेतला आणि आयुष्यातलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य माझ्यासमोर बोलली, "साखर फार आहे, काका."

दोन वर्षांनी काका पेन्शनीत गेले. कुलूप माझ्याकडे आलं, स्टूलही. पहिल्याच शुक्रवारी एक वाजून पाच मिनिटांनी पंख्याजवळच्या भिंतीवरच्या फोनवर काका. "चहा घेतलास का?" मी म्हटलं घेतला. "चारही वेळा?" चारही वेळा. "शब्बात शालोम," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग दर शुक्रवारी एक वाजून पाच मिनिटांनी तो फोन यायचाच.

हळूहळू उजवा कानही गेला. मशीनचा आवाज तर सोडाच, माणसं ओरडून बोलली तरी त्यांच्यापर्यंत पोचेना. फोनवर माझं उत्तर ऐकू येईनासं झालं तेव्हा मला वाटलं, आता फोन थांबेल. तो थांबला नाही. हल्ली तो मावशी लावते. "चहा झाला का विचारतायत," ती म्हणते. मी झाला म्हणतो, ती काकांकडे बघून मान हलवत असणार, कारण लगेच रिसीव्हर त्यांच्या हातात जातो. ते बोलत नाहीत. रिसीव्हर टेबलावर ठेवून त्याच्या शेजारी हाताने थोपटतात. थप थप थप. मीही निवत आलेल्या पंख्यावर तीनदा थोपटतो, त्यांना ऐकू येणार नाही हे माहीत असून, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला जाईन तेव्हा थोपटलं होतं म्हणून खुणेने सांगतो.